सायकल मिस्त्री दारात आल्यावर

आपल्या हिंगोली जिल्ह्यात सायकल ही आज मुख्यतः शाळेची गाडी आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असली पाहिजे, एवढी अट. राज्यातल्या २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके या कार्यक्रमात आहेत आणि त्यात आपला जिल्हाही आहे. सायकल मिळते, पण पुढची देखभाल घरच्यांवर येते. सेनगाव किंवा औंढा तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून सायकलचं दुकान गाठायचं तर बिघडलेली सायकल ढकलत न्यावी लागते, नाहीतर टमटमच्या टपावर टाकावी लागते. मग एवढ्याशा रबरासाठी सायकल गोठ्यात उभी राहते आणि पोरगी पायी शाळेला जाते.

म्हणून पिशवीत पाने, सोल्युशन आणि पंप घेऊन गावोगाव फिरणाऱ्या मिस्त्रीचं मोल मोठं आहे. त्याच्याकडून काम करून घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काम आपल्या अंगणात, आपल्या डोळ्यांसमोर होतं. फक्त काय पाहायचं ते आपल्याला माहीत हवं. सायकल दारात आल्यापासून ती पुन्हा रस्त्यावर लागेपर्यंत काय काय होतं, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम बोलण्याचं. सायकल खराब झाली एवढंच सांगून थांबू नका. आवाज कुठून येतो, चढावर येतो की उतारावर, हवा एका रात्रीत जाते की दोन तासांत, हे सायकल चालवणाऱ्या मुलीलाच सांगू द्या. तिला ते आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ होतं, एवढ्या एका वाक्यावरून चांगला मिस्त्री अर्धं निदान करतो.

मग तो हत्यार न काढता सायकल तपासतो. दोन्ही चाकं उचलून फिरवतो, चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून खेळ आहे का पाहतो, पायडलची दांडी हलवतो, दोन्ही ब्रेक दाबतो. हे झाल्यावर काय करावं लागेल, कोणता भाग बदलावा लागेल आणि मजुरी किती, ते त्याने आधी सांगावं. सांगत नसेल तर आपण विचारावं. दर उघडल्यानंतर ठरवायचा म्हटलं की तिथूनच वाद सुरू होतात.

आता सगळ्यात नेहमीचं दुखणं, हवा जाणं. हवा गेली म्हणजे पंक्चरच, असं आपण धरून चालतो आणि पहिली चूक इथेच होते. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या वालमध्ये, म्हणजे हवा भरायच्या नळीत, एक बारीक रबरी नळी असते. तिला वालट्यूब म्हणतात. उन्हाने ती कडक होते, चिरते आणि हवा हळूहळू निघून जाते. म्हणून ट्यूब काढण्याआधी हवा भरून वालच्या तोंडावर थुंकीचा किंवा पाण्याचा थेंब लावायचा. बुडबुडा फुगला तर दोष वालट्यूबचा. ती बदलायला दोन मिनिटं लागतात आणि पंक्चरचे पैसे वाचतात. ही तपासणी न करता कुणी थेट टायर उघडायला लागला, तर आधी वाल पाहायला सांगा.

वाल ठीक निघाला तर टायरची एक बाजू रिमवरून उतरवतात आणि ट्यूब बाहेर काढतात. इथे चपट्या, गोलसर टोकाच्या पट्ट्या वापरायला हव्यात. धारदार स्क्रू-ड्रायव्हर घातला की एका भोकाची दोन होतात. ट्यूबमध्ये हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत पूर्ण फिरवली पाहिजे. पहिलं भोक सापडलं तरी थांबायचं नाही. सराट्यांवरून गेलेल्या चाकात भोकं बहुधा एकापेक्षा जास्त असतात.

भोक कुठे आहे, यावरून कारण कळतं. माझ्या मते साऱ्या दुरुस्तीत लक्ष देऊन पाहावं असं हेच ठिकाण आहे. भोक बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा लागलेलाच नाही. हवा कमी असताना सायकल खड्ड्यात आपटली आणि रिम व टायर यांच्यात ट्यूब चिमटली. तिथे ठिगळ लावून भागणार नाही, यापुढे हवा पुरेशी ठेवावी लागेल. भोक आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर एखाद्या तारेचं टोक वर आलंय किंवा रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे. आणि वालच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर तिथे ठिगळ टिकत नाही, नवी ट्यूब घेणंच शहाणपणाचं.

काटा लागला असेल तर तो टायरमधून निघाला पाहिजे. बाभळीच्या काट्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. बाहेरून काहीच दिसत नाही. सुती कापडाचा बोळा टायरच्या आतून सगळीकडे फिरवला की टोक जिथे असेल तिथे कापड अडकतं. त्या जागी बोट दाबलं की टोचतं. ते चिमट्याने ओढून काढायचं. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं आणि दोष मिस्त्रीच्या ठिगळाला जातो. पंक्चर काढणाऱ्याला काटा दाखवायला सांगा. चांगला मिस्त्री तो न सांगताच तळहातावर ठेवून दाखवतो.

ठिगळ चिकटवण्याआधी भोकाभोवतीची जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासायची. ट्यूबवरची चकाकी गेली पाहिजे आणि घासलेली जागा ठिगळापेक्षा मोठी पाहिजे. मग सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि थांबायचं. घाई नडते ती इथेच. सोल्युशनमध्ये विरघळवणारं द्रव्य असतं, ते उडून गेल्याशिवाय रबर रबराला धरत नाही. ओल्यावरच ठिगळ दाबलं तर ते द्रव्य आत कोंडतं आणि दोन दिवसांनी कडा सुटते. बोट लावल्यावर बोटाला लागत नाही इतकं ते सुकू द्यावं, साधारण चार-पाच मिनिटं. ठिगळाचे कोपरे कात्रीने गोल केलेले असावेत, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. जुन्या ट्यूबचा तुकडा ठिगळ म्हणून लावत असतील तर त्यातही काही गैर नाही, पण तोही घासलेला हवा आणि सोल्युशन दोन्हीकडे लावलेलं हवं.

ट्यूब परत बसवताना तिच्यात थोडी हवा ठेवतात, म्हणजे ती पीळ पडून बसत नाही. टायर शेवटी हातानेच चढवावा. मग दोन्ही बाजूंनी चाक फिरवून पाहायचं: ट्यूब कुठे टायरच्या कडेखाली चिमटलेली नाही ना, वाल सरळ उभा आहे ना. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. घरी मोजायचं साधन नसतं, तेव्हा अंगठ्याने जोरात दाबून टायर किंचितच दबला पाहिजे आणि मुलगी बसल्यावर मागचा टायर पसरता कामा नये.

पुढचं काम चाकाचं. चाक फिरताना डावी-उजवीकडे वळवळतं त्याला मिस्त्री ‘आउट’ म्हणतात. मोठ्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला साधारणपणे ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. निम्म्या तारा रिमला डावीकडे ओढतात, निम्म्या उजवीकडे. हा ताण बरोबर वाटला गेला की चाक सरळ फिरतं. आउट काढताना मिस्त्री रिमजवळ खडू धरून चाक फिरवतो. जिथे खडू लागतो तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा कसतो आणि या बाजूच्या थोड्या सैल करतो, एका वेळी पाव फेरा. नुसत्या तारा कसत गेला तर आउट तेवढ्यापुरता जातो, पण ताण वाढून पुढे तारा तुटायला लागतात. तुटलेली तार मात्र लगेच बदलून घ्या. एक तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो.

ब्रेकच्या बाबतीत तडजोड करू नका. सळईचे ब्रेक असोत की वायरचे, ब्रेक सोडलेला असताना रबर रिमपासून दोन-तीन मिलिमीटर लांब असावं आणि दाबल्यावर दोन्ही बाजूंची रबरं एकदमच रिमला लागावीत. रबर टायरला घासत असेल तर टायर कापला जातो. रबराची खाच पुसली गेली असेल तर ते बदलायचं. वायरचे धागे हँडलजवळ तुटू लागलेत का तेही पाहा. तपासणी सोपी आहे: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर मागचं चाक उचललं पाहिजे, मागचा दाबून ढकलली तर मागचं चाक न फिरता घासत गेलं पाहिजे. पावसाळ्यात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक नीट लागत नाही, थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. हे मुलीला आधीच सांगून ठेवा.

चेन झिजली आहे का, हे आपण घरच्या घरी मोजू शकता. चेनच्या एका खिळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अर्धा इंच अंतर असतं. मेजर टेप लावून एका खिळीपासून पुढच्या २४ व्या खिळीपर्यंत मोजा. बरोबर १२ इंच भरले तर चेन चांगली. इंचाचा सोळावा भाग वाढला असेल तर चेन बदलायची वेळ आली. आठवा भाग वाढेपर्यंत तीच चालवली, तर मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे एकाच दिशेने पकडणाऱ्या दातेरी चक्राचे दातेही खाल्ले जातात आणि खर्च कितीतरी वाढतो. मिस्त्री चेन बदलायची म्हणाला तर टेप पुढे करा. जो स्वतःच मोजून दाखवतो त्याच्यावर निर्धास्त भरवसा ठेवा.

चेन घसरते म्हणून ती बदलायलाच हवी असंही नाही. बहुतेक वेळा ती नुसती सैल झालेली असते. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक थोडं मागे ओढलं की ताणली जाते. मधोमध बोटाने उचलल्यावर साधारण अर्धा इंच हलावी. फार ताणली तर पायडल जड जातं.

तेलाविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. खाण्याचं तेल काही दिवसांत चिकट होतं. गाडीतून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये लोखंडाचा बारीक कीस असतो, तो चेन झिजवतो. चेन रॉकेलने किंवा डिझेलने पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा आणि वर उरलेलं तेल फडक्याने पुसून घ्यावं. बाहेर चोपडलेल्या तेलावर धूळच बसते. रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

पायडलच्या प्रत्येक फेरीला येणारी ‘टक’ बहुधा कॉटरची असते. पायडलची दांडी मधल्या एक्सलला पक्की धरून ठेवणारी ती तिरकी खिळी. झिजली की दांडी डगमगते. नवी बसवताना दांडीखाली लोखंडाचा आधार देऊन हातोडी मारायची असते. आधार नसेल तर तो मार आतल्या छर्‍यांवर बसतो. कॉटर आधी ठोकून बसवतात, नट नंतर कसतात. नटाच्या जोरावर ओढून बसवलेली कॉटर पुन्हा सैल होते.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हेही लक्षात ठेवा. चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून तशी रचना असते. घरी कुणी ताकद लावून नेहमीच्या दिशेने फिरवलं तर आटे मरतात आणि सगळी दांडी बदलावी लागते.

वर्षातून एकदा सायकल पूर्ण खोलून साफ करतात, त्याला आपल्याकडे ओव्हरऑइल करणं म्हणतात. चाकांचे हब, मधला एक्सल आणि हँडलचा मणका उघडून आतले छर्रे रॉकेलमध्ये धुतात, खड्डे पडलेले बदलतात आणि नवं ग्रीस भरतात. पुढच्या हबला प्रत्येक बाजूला साधारण १०, मागच्याला ९ आणि मधल्या एक्सलला ११ छर्रे असतात. हे काम अर्ध्या तासात उरकत नाही. नुसतं बाहेरून तेल सोडून ओव्हरऑइलचे पैसे मागितले जात असतील तर काढलेलं जुनं काळं ग्रीस कुठे आहे ते विचारा. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चिखलाचं पाणी हबमध्ये शिरतं, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर करून घेणं बरं. चिखल निघावा म्हणून हबवर मोटारीच्या पाण्याचा झोत मारू नका. तेच पाणी ग्रीस धुऊन काढतं.

नव्या सायकलीला दुरुस्ती कशाला, असं वाटतं. पण नव्या सायकली अर्धवट जोडलेल्या येतात आणि पुष्कळदा घाईत जोडून दिल्या जातात. तारा पहिल्या काही आठवड्यांत जागा धरतात आणि सैल पडतात, ब्रेकची वायर ताणते, नट ढिले होतात. म्हणून शाळेतून सायकल मिळाल्यावर महिन्याभरात एकदा मिस्त्रीकडून सगळं कसून घ्या. सैल तारांवर वर्ष काढलेलं चाक पुन्हा सरळ करणं फार कठीण असतं.

काम संपलं की बदललेले सगळे जुने भाग मागून घ्या. नवा भाग बसवला हे त्यावरून कळतं. मग मिस्त्रीला एक चक्कर मारायला सांगा आणि त्यानंतर मुलीला. पैसे चकरेनंतर द्या, पण ठरले तेवढे पूर्ण द्या. उन्हातून दहा गावं फिरणाऱ्या माणसाशी शेवटी घासाघीस केली तर तो पुढच्या वेळी आपल्या वाडीवर येणार नाही, आणि त्याच्या न येण्याने नुकसान शाळेत जाणाऱ्या मुलींचं होईल.

जून उजाडण्याआधी गोठ्यात उभ्या असलेल्या सायकली एका अंगणात आणा आणि मिस्त्रीला एकदाच बोलवा. चार-पाच सायकलींचं काम एकत्र मिळालं तर त्यालाही परवडतं, आणि शाळा उघडते त्या दिवशी सगळ्या पोरी बरोबर निघतात.