नाक जड झालेले विमान : आधी दोन बोटांवर तोला, मग उडवा

विमानाचा आवाज आला की मुलेच काय, मोठी माणसेही मान वर करून पाहतात. वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. तिथल्या कामगाराच्या मुलाला किंवा मुलीला आपणही विमान करून उडवावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. रिमोटवर चालणारे छोटे विमान आज सुटे भाग जोडून घरी तयार करता येते. पण मोटर, बॅटरी आणि रिमोट घेताना घरखर्चाला कात्री लागते. असे विमान पहिल्याच दिवशी नाकावर आपटले, की शेजारीपाजारी म्हणतात, "हे आपलं काम नव्हे." मूलही ते खरे मानते आणि खोके माळ्यावर जाते. आमचे म्हणणे असे की, यात नशिबाचा काही संबंध नाही. पुष्कळदा विमानाचे नाक जड झालेले असते, एवढेच. हा दोष घरी बसून, फारसा पैसा न घालता शोधता येतो.

बंडी भरताना जे करतो तेच

बंडीत माल पुढे जास्त भरला की जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त भरला की बंडी उलाळ होते. विमानाचेही तसेच आहे. त्याचे सगळे वजन ज्या एका बिंदूवर तोलले जाते, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. हा बिंदू फार पुढे गेला की नाक सारखे खाली जाऊ पाहते. ते वर ठेवण्यासाठी शेपटीला खाली दाबत राहावे लागते आणि तो जादा भार पंखांनाच पेलावा लागतो. वेग असेपर्यंत हे निभते. उतरताना वेग कमी झाला की शेपटीचा जोर ओसरतो. नेमके तेव्हाच नाक उचलायचे असते आणि ते उचलत नाही. म्हणून असे विमान वर बरे उडते आणि उतरताना आपटते.

दोन बोटांचा तराजू

पंख सरळ, पाटीसारखा असेल, तर त्याची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी मोजावी. पुढच्या कडेपासून या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल यावा. रुंदी 20 सेंटीमीटर असेल, तर हे अंतर 5 ते साडेसहा सेंटीमीटर भरते. विमानाच्या नकाशात तोलाची जागा दिलेली असल्यास तीच धरावी. दोन्ही पंखांखाली पेनाने खूण करून, बॅटरी व पंखा बसवलेले विमान त्या खुणांवर दोन बोटांनी उचलावे. मात्र मोटर चुकूनही सुरू होणार नाही, अशी बॅटरीची वायर सुटी ठेवावी. विमान आडवे राहिले किंवा नाक किंचित खाली झुकले, तर ठीक. नाक धाडकन खाली गेले, तर ते जड आहे.

आता शेपटीला शिसे बांधण्याची घाई करू नये. आधी नाकात कोणी वजन घातले आहे का ते पाहावे. नसेल तर बॅटरी मागे सरकवावी. हिशेब सोपा आहे. समजा विमानाचे वजन 800 ग्रॅम आहे आणि तोल 1 सेंटीमीटर पुढे आहे. बॅटरी 150 ग्रॅमची असेल, तर 800 ला 150 ने भागावे. बॅटरी सुमारे सव्वापाच सेंटीमीटर मागे न्यावी लागेल. तेवढी जागा नसेल, तरच शेपटीला वजन लावावे. शेपटी योग्य तोलबिंदूपासून 50 सेंटीमीटर मागे असेल, तर 800 भागिले 50, म्हणजे 16 ग्रॅम पुरतात. बॅटरी घट्ट बांधावी. हवेत ती सरकली तर सारा हिशेब फुकट.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नाक जड विमान कसेबसे उडते, पण शेपटी जड विमान बहुधा एकदाच उडते. म्हणून तोल मागे नेताना एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच न्यावा.

ट्रिम म्हणजे औषध नव्हे

शेपटीवरच्या वर-खाली हलणाऱ्या पट्टीला एलिव्हेटर म्हणतात. रिमोटवरील ट्रिमच्या बटणाने ती थोडी वर ठेवली की विमान सरळ जाते आणि दोष गेला असे वाटते. तो गेलेला नसतो, फक्त झाकला जातो. वेग वाढवला की विमान चढू लागते आणि वेग कमी केला की नाक टाकते. खात्री करायची तर पुरेशा उंचीवर विमान सरळ करावे, हलका सूर मारायला लावावे आणि काडी सोडावी. ते झटकन वर आले तर नाक जड आहे. हळूहळू वर आले तर तोल बरा आहे. सूर आणखी खोल गेला तर शेपटी जड आहे. लगेच सावरून खाली उतरवावे. तोल बदलला की ट्रिम पुन्हा लावावी लागते, हेही विसरू नये.

विमान उडवायला पऱ्हाटी उपटलेले मोकळे वावर निवडावे. खाण, विजेच्या तारा, रस्ता आणि माणसे यांपासून दूर राहावे. ही विमाने 2021 च्या ड्रोन नियमांत येतात. म्हणून ती जागा सरकारच्या डिजिटल नकाशावर हिरव्या पट्ट्यात आहे का, हे आधी पाहावे.

रिमोटचे विमान परवडत नसेल, तरी हे शिक्षण थांबत नाही. जाड कागदाचे विमान करून नाकाला कणकेची गोळी लावावी. गोळी मोठी झाली तर ते सरळ खाली जाते. लहान झाली तर नाक वर करून थबकते आणि कोसळते. बरोबर बसली तर घरभर तरंगत जाते. एनसीसीच्या हवाई शाखेत मुलामुलींना मॉडेल विमाने करण्याचे शिक्षण मिळते. नागपूरलाही तिचे पथक आहे. कॉलेजात प्रवेश घेताना त्याची चौकशी जरूर करावी. पालकांनी मात्र विमान पडले म्हणून मुलांना रागावू नये. त्यांच्याजवळ बसावे, दोन बोटांवर विमान उचलावे आणि एवढेच विचारावे, "पाहू, वजन कुठे जास्त झाले?"