खडकाळ समुद्रतळावरील हेकरू : लिंगबदल आणि संवर्धनाचा प्रश्न

कोकण किनाऱ्यालगतच्या खडकाळ समुद्रतळाचा आश्रय घेणाऱ्या माशांमध्ये हेकरू हा एक महत्त्वपूर्ण मासा होय. त्यास गोब्रा असेही म्हणतात. ही नावे 'एपिनेफेलस' प्रजातीतील अनेक जातींना सरसकट लावली जातात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी 'एपिनेफेलस मलबारिकस' या जातीचा विचार केला आहे. ब्लॉख व श्नायडर यांनी १८०१ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. या जातीच्या माशाची लांबी दोन मीटरहून अधिक व वजन १५० किलोग्रॅमपर्यंत भरू शकते.

हा मासा भक्ष्याचा पाठलाग फारसा करीत नाही. खडकाच्या कपारीत तो दबा धरून राहतो आणि मासा किंवा खेकडा टप्प्यात येताच रुंद जबडा एकाएकी उघडून त्यास पाण्यासह आत ओढून घेतो. अंगावरील तपकिरी पट्टे व काळसर ठिपके त्यास खडकात बेमालूम लपवितात. खडकांवर जाळी फाटत असल्याने तो पकडण्यासाठी गळ हेच सोयीचे साधन ठरते.

या माशाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे लिंगबदल. तो प्रथम मादी म्हणून प्रौढ होतो आणि पुढे वाढ झाल्यावर त्यांतील काही माद्यांचे नरात रूपांतर होते. साहजिकच नर हे बहुधा आकाराने मोठे व वयस्क असतात. गळाला लागणाऱ्या मोठ्या माशास भाव अधिक, त्यामुळे मासेमारीचा भार नेमका नरांवर पडतो. माद्या विपुल असूनही अंडी फलित करण्यास नर अपुरे पडण्याचा धोका त्यातून उद्भवतो.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याजोगा किमान आकार निश्चित केला. लहान मासळी वाचविण्याच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र लिंगबदल करणाऱ्या माशांच्या बाबतीत केवळ किमान मर्यादा पुरेशी ठरत नाही, कारण तीमुळे मोठ्या नरांना कोणतेच संरक्षण लाभत नाही. अशा जातींसाठी कमाल आकाराची मर्यादा किंवा संपूर्ण आश्रयक्षेत्र हे उपाय अधिक उपयुक्त होत.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. तेथील खडक व प्रवाळ या माशास अनुकूल आहेत. परंतु त्याची पिल्ले खाड्यांत व कांदळवनांत वाढतात, तर प्रौढ मासे १५० मीटर खोलीपर्यंत आढळतात. हेकरूचा जीवनक्रम अशा रीतीने अभयारण्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना, खाडीत आणि खोल समुद्रात, पसरलेला आहे.