अल्पछेद स्तनोन्नयन शस्त्रक्रिया : पर्याय, मर्यादा आणि स्त्रीचा निर्णयाधिकार

सारांश

स्तनोन्नयन शस्त्रक्रियेत छेद जितका लहान तितकी शस्त्रक्रिया उत्तम, असा समज रूढ होत आहे. प्रस्तुत लेखात या शस्त्रक्रियेचे प्रमुख छेदप्रकार, त्यांचे लाभ व मर्यादा यांचा परिचय करून दिला आहे. छेदाची लांबी ही शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेची कसोटी नसून, छेद, आकार आणि टिकाऊपणा यांतील देवाणघेवाण समजून घेऊन स्त्रीने घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्तनोन्नयन, अल्पछेद, वण, मिश्री, माहितीपूर्ण संमती.

१. प्रस्तावना

बोनकोडे हे नवी मुंबईच्या कोपरखैरणे परिसरातील मूळ गावठाण होय. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अशा अनेक गावांभोवती नियोजित शहर उभे राहिले. शहराबरोबर शहरी वैद्यकीय सेवाही दाराशी आली. एकेकाळी केवळ मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांशी जोडली जाणारी प्लास्टिक सर्जरी आता उपनगरांतही उपलब्ध आहे. बाळंतपणानंतर, वजन घटल्यानंतर किंवा वयोमानानुसार ओघळलेले स्तन पूर्ववत करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच मास्टोपेक्सी अथवा ब्रेस्ट लिफ्ट, ही त्यांपैकी एक होय.

या विषयाची चर्चा घरात होत नाही, मैत्रिणींतही क्वचितच होते. परिणामी माहितीचा मुख्य स्रोत जाहिरात हाच उरतो आणि जाहिरातीत ‘कमीत कमी छेद’ या शब्दांवर भर असतो. विद्यार्थिनींचे समुपदेशन करणाऱ्या प्राध्यापकवर्गाला या विषयाची वस्तुनिष्ठ माहिती असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) स्तन ओघळण्याची कारणे व त्याचे मोजमाप स्पष्ट करणे.
२) छेदांचे प्रमुख प्रकार व त्यांतील लाभ-हानी समजावून सांगणे.
३) भारतीय स्त्रीच्या संदर्भात निर्णय घेताना विचारात घ्यावयाच्या बाबी मांडणे.

२. स्तन ओघळण्याची कारणे

स्तनात ग्रंथी, चरबी आणि त्यांना आधार देणारे तंतुमय बंध असतात. इंग्लंडमधील शल्यविशारद ॲस्टली कूपर यांच्या नावाने हे बंध ओळखले जातात. हे बंध आणि वरची त्वचा मिळून स्तनाचा आधार बनतो. गरोदरपणात स्तनांचा आकार वाढतो व त्वचा ताणली जाते. पुढे ग्रंथी आकसतात, परंतु ताणलेली त्वचा त्या प्रमाणात आकसत नाही. आतील भाग कमी आणि वरचे आवरण मोठे, अशी विसंगती निर्माण होते.

अंगावर पाजल्यामुळे स्तन उतरतात, हा समज महाराष्ट्रात सर्वदूर आढळतो. अमेरिकेतील ब्रायन रिंकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र स्तनपान हे स्वतंत्र कारण असल्याचे आढळून आले नाही. वय, गरोदरपणांची संख्या, शरीराचे वजन, स्तनांचा मूळचा मोठा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध मात्र दिसून आला. भविष्यातील सौंदर्याच्या भीतीने बाळाचे दूध तोडण्यास शास्त्रीय आधार नाही, हा या अभ्यासाचा व्यावहारिक अर्थ होय.

३. मोजमाप

शस्त्रक्रियेची निवड मोजमापावर अवलंबून असते. पॉल रेनो या महिला शल्यविशारदांनी १९७६ साली मांडलेले वर्गीकरण आजही प्रचलित आहे. यात स्तनाग्राची जागा स्तनाखालील घडीच्या तुलनेत पाहिली जाते. स्तनाग्र घडीच्या पातळीवर किंवा तिच्या किंचित खाली असल्यास पहिली श्रेणी. साधारण एक ते तीन सेंटिमीटर खाली, परंतु स्तनाच्या सर्वांत खालच्या भागाच्या वर असल्यास दुसरी श्रेणी. आणि तीन सेंटिमीटरपेक्षा अधिक खाली, जमिनीकडे वळलेले असल्यास तिसरी श्रेणी मानली जाते. स्तनाग्र जागेवर असून केवळ खालचा भाग ओघळला असेल, तर त्यास आभासी ओघळ म्हणतात. सबब ‘लहान छेद चालेल का’ या प्रश्नाचे उत्तर श्रेणी ठरल्याशिवाय देता येत नाही.

४. वण देऊन आकार घेणे

प्लास्टिक सर्जरीच्या मुळाशी एक सौदा असतो : शरीराच्या एका जागी वण स्वीकारायचा आणि त्याच्या मोबदल्यात आकार मिळवायचा. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ एका विटा घडविणाऱ्या कारागिराने कपाळावरची त्वचा वळवून पुन्हा बनविले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये हा वृत्तान्त छापला आणि त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली इंग्लंडमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. कावसजीला नाक मिळाले, त्याची किंमत कपाळावरील वणाने चुकविली गेली.

स्तनोन्नयनातही हेच घडते. जास्तीची त्वचा काढावयाची तर ती कोठेतरी कापावी लागते. वणाशिवाय त्वचा कमी होत नाही. वण कोठे, किती आणि कोणत्या बदल्यात, एवढीच निवड हाती असते.

५. छेदांचे प्रमुख प्रकार

अ) चंद्रकोर छेद : स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या, म्हणजे स्तनमंडलाच्या, वरच्या कडेला चंद्रकोरीएवढी त्वचा काढली जाते. वण अत्यल्प असतो, परंतु स्तनाग्र जेमतेम एखादा सेंटिमीटर वर जाते. दोन स्तनाग्रांच्या पातळीतील किरकोळ फरक दूर करण्यास हा छेद उपयुक्त आहे. ओघळलेल्या ग्रंथीवर त्याचा परिणाम होत नाही.

आ) वर्तुळाकार छेद : स्तनमंडलाभोवती कड्यासारखी त्वचा काढून, बटव्याच्या दोरीप्रमाणे टाका ओढून कडा जुळविल्या जातात. फ्रान्सचे लुई बेनेली यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली पद्धत या प्रकारात विशेष परिचित आहे. वण दोन रंगांच्या त्वचेच्या सीमेवर असल्याने झाकला जातो. पहिल्या श्रेणीसाठी हा चांगला पर्याय होय. तथापि अधिक त्वचा काढल्यास सर्व ताण त्याच वर्तुळावर येतो. मग वण रुंदावतो, स्तनमंडल पसरते, भोवती चुण्या पडतात आणि स्तन पुढून चपटा दिसू लागतो.

इ) उभा छेद : वर्तुळाकार छेदाला खालच्या घडीपर्यंत जाणाऱ्या सरळ रेषेची जोड दिली जाते. क्लोद लासूस, मादलेन लजूर आणि एलिझाबेथ हॉल-फिंडले यांनी ही पद्धत विकसित केली. यात ग्रंथीचे दोन्ही भाग आतून एकमेकांना शिवून आकार उभारला जातो, त्यामुळे भार केवळ त्वचेवर राहत नाही. स्तनाला उठाव चांगला येतो. उभ्या वणाच्या खालच्या टोकाशी सुरुवातीस चुण्या दिसतात. त्या बहुधा काही महिन्यांत बसतात, क्वचित किरकोळ दुरुस्ती करावी लागते.

ई) उलट्या ‘टी’चा छेद : उभ्या छेदाला घडीतील आडवा छेद जोडला जातो. रॉबर्ट वाइज यांनी १९५६ साली मांडलेला आराखडा याच्या मुळाशी आहे. तिसऱ्या श्रेणीत किंवा मोठ्या प्रमाणात वजन घटल्यानंतर पुष्कळ त्वचा काढावयाची असल्यास हाच मार्ग भरवशाचा ठरतो. वण सर्वांत लांब असतो आणि उभी व आडवी रेषा मिळते त्या जागी जखम भरण्यास विलंब होऊ शकतो.

धागे ओढून किंवा उष्णतेच्या साहाय्याने त्वचा आवळून ‘बिनछेद’ उन्नयन करण्याचे उपायही सुचविले जातात. त्यांत जास्तीची त्वचा निघत नाही, म्हणून परिणाम मर्यादित आणि अल्पकालीन राहतो. कृत्रिम रोपणाने वरचा भाग भरून लहान छेदावर भागविण्याचाही मार्ग असतो. परंतु रोपणाचे वजन सैल त्वचेवर पडते, आणि रोपण आयुष्यभर टिकणारी वस्तू नसल्याने पुढील शस्त्रक्रियेची शक्यता गृहीत धरावी लागते.

६. देवाणघेवाणीचे स्वरूप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, छेद जसा लहान होतो तसा त्वचा काढण्याचा वाव कमी होतो आणि उरलेल्या वणावरील ताण वाढतो. दुसऱ्या वा तिसऱ्या श्रेणीत केवळ वर्तुळाकार छेदाचा आग्रह धरल्यास रुंद वण, चपटा आकार आणि लवकर पुन्हा ओघळणे असे तिहेरी नुकसान संभवते. दुरुस्तीसाठी अखेर उभा छेद द्यावाच लागतो. म्हणजे एका लांब वणाऐवजी दोन शस्त्रक्रिया आणि तोच लांब वण पदरी पडतो. याउलट पहिल्या श्रेणीत उलट्या ‘टी’चा छेद देणे हे अकारण वण देणे होय.

कोणत्याही छेदाने मिळालेला आकार कायम राहत नाही. वय आणि गुरुत्वाकर्षण आपले काम करीतच राहतात. पुढे मूल हवे असल्यास किंवा वजन स्थिर नसल्यास शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे हिताचे असते. स्तनाग्राच्या संवेदनेत बदल होणे, स्तनपानक्षमता कमी होणे आणि क्वचित स्तनाग्राचा रक्तपुरवठा बाधित होणे, हे धोके सर्वच प्रकारांत कमीअधिक प्रमाणात असतात.

७. स्थानिक संदर्भ : त्वचा आणि मिश्री

गव्हाळ ते सावळ्या त्वचेत वण जाड होण्याची, उचलून येण्याची आणि काळपट राहण्याची प्रवृत्ती गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक असते. गोऱ्या त्वचेवरील छायाचित्रे पाहून अपेक्षा बांधणे म्हणूनच योग्य नाही. छातीच्या मधल्या हाडाजवळ जाड वण येण्याचा धोका विशेष असल्याने आडवा छेद तेथपर्यंत नेण्याचे टाळले जाते. कानाच्या छिद्राजवळ, लसीच्या जागी किंवा सिझेरियनच्या जागी जाड वण आलेला असल्यास तो डॉक्टरांना आवर्जून दाखवावा. वण परिपक्व होण्यास वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. त्यापूर्वी अंतिम निष्कर्ष काढू नये.

दुसरी बाब तंबाखूची. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, जखम भरण्यास विलंब होतो आणि त्वचा व स्तनाग्र दगावण्याचा धोका वाढतो. ‘धूम्रपान करता का’ या प्रश्नाला महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रिया खरेपणाने ‘नाही’ असे उत्तर देतात. परंतु भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावणे हे व्यसन आहे, असे अनेक घरांत मानलेच जात नाही. मिश्रीतूनही निकोटिन शरीरात जाते. म्हणून डॉक्टरांनी मिश्रीचा उल्लेख करून विचारणे आणि स्त्रीने न लाजता सांगणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर किमान चार-चार आठवडे ती बंद ठेवणे अपेक्षित असते.

८. कर्करोगाशी संबंध आणि कायदेशीर बाजू

भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. शस्त्रक्रियेपूर्वी वयानुरूप मॅमोग्राफी वा सोनोग्राफी करून घेणे आणि काढलेला ग्रंथीचा भाग तपासणीस पाठविणे म्हणूनच गरजेचे असते. शस्त्रक्रियेनंतर आतील वणामुळे मॅमोग्राफीत बदल दिसू शकतात. पुढील प्रत्येक तपासणीच्या वेळी शस्त्रक्रियेची माहिती द्यावी.

विशेष म्हणजे वर वर्णिलेले छेद कर्करोगाची गाठ काढून स्तन राखण्याच्या शस्त्रक्रियेतही वापरले जातात. छेद तोच, परंतु आर्थिक व्यवस्था भिन्न. आरोग्यविम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे वगळलेली असते. अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेस अपवाद असतो. स्तनोन्नयनाचा खर्च त्यामुळे बहुधा स्त्रीलाच उचलावा लागतो आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागल्यास तो पुन्हा उचलावा लागतो.

संमतीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. उपचाराचे स्वरूप, उपलब्ध पर्याय, धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच वैध होय, आणि एका प्रक्रियेची संमती ही दुसऱ्या प्रक्रियेची संमती ठरत नाही, असे या निर्णयाचे सार आहे. वर्तुळाकार छेदाला होकार दिलेल्या स्त्रीवर तिला न विचारता उभा छेद देणे याच कसोटीवर तपासावे लागेल. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास डॉक्टरांना मनाई आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

९. निष्कर्ष

१) छेदाचा प्रकार ओघळण्याच्या श्रेणीवर व त्वचेच्या प्रतीवर ठरावा, जाहिरातीवर नव्हे.
२) सौम्य ओघळीत अल्पछेद लाभदायक आहे, मध्यम व तीव्र ओघळीत तो बहुधा अपुरा पडतो.
३) जाड वणाचा पूर्वेतिहास आणि मिश्रीसह तंबाखूचे सर्व प्रकार यांची स्पष्ट विचारणा व्हावी.
४) प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी यांची खातरजमा करावी.
५) आपली श्रेणी कोणती, या छेदाने काय साध्य होणार नाही आणि दुरुस्ती लागल्यास छेद कोणता व खर्च कोणाचा, ही उत्तरे स्त्रीने संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी मिळवावीत.

ओघळलेले स्तन हा रोग नाही आणि शस्त्रक्रिया न करणे हाही तितकाच प्रतिष्ठित पर्याय आहे. तो नाकारून शस्त्रक्रिया निवडणाऱ्या स्त्रीला हसणे जसे अनुचित, तसेच तिला अर्धी माहिती देणेही अनुचित होय. वण तिच्या शरीरावर राहणार आहे. तो किती लांब असावा आणि कशाच्या बदल्यात असावा, हे ठरविण्याचा अधिकारही तिचाच आहे.