घर कारण नव्हे, तरी घराचा वाटा मोठा

ग्वारीघाटावर रोज संध्याकाळी नर्मदेची आरती होते: घंटा, शंख, गर्दी. आसपासच्या घरातलं स्वमग्न मूल तेव्हा कान झाकून किंचाळलं, तर तो हट्ट मानू नये. आवाज-उजेडाचा असा तीव्र त्रास २०१३पासून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-निकषांतही आहे. आईच्या कोरडेपणामुळे स्वमग्नता येते, हा क्रूर समज संशोधनाने कधीच खोडला. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. पण म्हणून घर गौण ठरत नाही. आरतीआधी खिडकी लावली, पुढे काय होणार ते चित्रांनी दाखवलं, तर ताण कमी होऊ शकतो. ‘अशा लाडाने ते बाहेर कसं टिकेल?’ ही शंका रास्त आहे. मात्र भेदरलेलं मूल शिकू शकत नाही. आधी स्वस्थता, मग हळूहळू सराव. आणि वागणं अचानक बिघडलं, तर आधी दात, पोट, झोप तपासावी. दुखणं सांगता न येणारं मूल ते वागण्यातूनच दाखवतं.