वाटीभर सूप आणि चिमूटभर मीठ

२०१८ साली धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने टोकियोला राहिले. आईचं वय झालेलं, तेव्हा थोरली म्हणून मीच गेले. बॅगेत डिंकाचे लाडू, मेतकूट, पोह्याचे पापड आणि सासूबाईंच्या हातचं कैरीचं लोणचं. बहिणीचं घर निशी-कासाई भागात. तिथं आपली इतकी माणसं राहतात, की तूरडाळ आणि हिंग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मग मी फलटणहून एवढं ओझं कशाला वाहून नेलं, असं बहीण म्हणालीच!

शेजारी एक सत्तरीच्या पुढच्या जपानी आजी राहत होत्या. बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या झाकणाच्या वाडग्यात गरम सूप घेऊन आल्या. मी बहिणीच्या कानात पुटपुटले, "अगं, मासा नाही ना यात?" ती हसली. तिथं हा प्रश्न विचारावाच लागतो. मिसो सूप म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं सूप. नाव शाकाहारी वाटतं, पण त्याचं मूळ पाणी, ज्याला ते 'दाशी' म्हणतात, ते बहुतेक घरांत सुकवलेल्या माशाच्या पातळ काचऱ्यांचं असतं. आजींनी मात्र आम्हाला चालेल असं केलं होतं. कोंबू नावाची समुद्रातली वाळवलेली पानं आणि सुके शिताके मशरूम रात्रभर पाण्यात भिजवायचे, झालं दाशी. तिथल्या बौद्ध मठांतला स्वयंपाक असाच असतो. त्याला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. मासा नाही, मटण नाही, आणि कांदा-लसूणसुद्धा नाही. मी म्हटलं, अरेच्चा, हा तर आमचा चातुर्मास!

मग आजींच्या स्वयंपाकघरात माझं जाणं सुरू झालं. भाषा येत नव्हती, पण विळी नसली तरी भाजी चिरायला भाषा कशाला लागते? त्या साल न काढलेला तांदूळ, गेनमाई, सकाळी भिजत घालायच्या आणि संध्याकाळी कुकरला लावायच्या. गोबो नावाचं लांबट कंदमूळ आणि गाजर, दोन्ही सालीसकट काड्यांसारखं चिरून तिळाच्या तेलावर परतायचं. मुळ्याचा पाला सुपात. वर भाजलेले तीळ आणि किंचित मीठ कुटून केलेली भुकटी. एकही साल कचऱ्यात नाही. आपल्याकडं दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या बायकांना हे काही नवीन नाही. फक्त आपण ती काटकसर म्हणून करतो आणि तिथं तिला एक तत्त्व आहे, अन्न अख्खं खावं. दुसरं तत्त्व, शरीर आणि ज्या मातीत आपण राहतो ती माती वेगळी नाही. म्हणजे जवळ पिकतं ते, ज्या ऋतूत पिकतं त्या ऋतूत खावं.

या विचाराला जगभर 'मॅक्रोबायोटिक' आहार म्हणतात. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या सागेन इशिझुका या लष्करी डॉक्टरच्या शिकवणीत आहेत. जॉर्ज ओसावा यांनी (१८९३–१९६६) पुढं तो युरोप-अमेरिकेत नेला. पॉलिशच्या तांदळानं होणारा बेरीबेरी तेव्हा जपानला चांगलाच माहीत होता. १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात पांढऱ्या भातावर जगणारे हजारो जपानी सैनिक या रोगानं गेले. तेव्हा कोंड्याचा तांदूळ खा असं कुणी सांगितलं तर त्यात तथ्य होतंच. आपल्या हातसडीच्या तांदळाचंही तेच.

पण मैत्रिणींनो, चांगली गोष्टही हट्टाला पेटली की घात करते. ओसावांनी आहाराच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर फक्त धान्य, आणि पाणीही बेतानंच. असा आहार घेता घेता १९६५ मध्ये अमेरिकेत एक तरुण मुलगी दगावली. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांना कडक मॅक्रोबायोटिक घरांतल्या तान्ह्या मुलांची वाढ खुंटलेली आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलेलं आढळलं. आमच्या मंडळातल्या एकीनं परवाच विचारलं, "ताई, ब्राऊन राइसनं कॅन्सर बरा होतो म्हणतात, खरं का?" नाही. कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी डॉक्टरांचा इलाज सोडायचा नाही.

आता त्या लोणच्याची गोष्ट. मी कौतुकानं आजींना कैरीची एक फोड दिली. त्यांनी ती तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "शोप्पाई!" म्हणजे खारट. मला जरा रागच आला. सासूबाईंचं लोणचं अख्ख्या गल्लीत नावाजलेलं! मग बहिणीला मध्ये बसवून त्या बोलू लागल्या, आणि मी गप्पच झाले.

आजी मूळच्या नागानो प्रांतातल्या. डोंगराळ मुलूख, समुद्र नाही, हिवाळाभर बर्फ. भाजी मिळायची नाही म्हणून पाला मिठात मुरवून पिंपं भरून ठेवायची. तिन्ही वेळा मिसो सूप, चहाबरोबरसुद्धा लोणचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, भात, भाजी, सोयाबीन, काय सात्त्विक जेवण! पण १९६५ च्या सुमाराला हाच प्रांत पक्षाघातानं होणाऱ्या मृत्यूंत जपानमध्ये सगळ्यात वर होता.

हे बदललं कुणी? डॉक्टर होतेच. साकू इथल्या रुग्णालयाचे डॉ. तोशिकाझु वाकात्सुकी तर खेडोपाडी जाऊन आरोग्यावर नाटकं करायचे. १९७६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. पण घरोघरी गेल्या त्या साध्या गृहिणी. आहार सुधारणेचं थोडं शिक्षण घेतलेल्या या स्वयंसेविका शेजारणींच्या दारात जाऊन सुपातला खारटपणा यंत्रानं मोजायच्या. १९८१ मध्ये सगळ्या प्रांतात मीठ कमी करायची मोहीमच निघाली. त्यात आमच्या आजीही होत्या, तेव्हा नव्यानं संसाराला लागलेल्या. "पहिल्या घरी मला सासूच्या मैत्रिणीनं दारातूनच परत पाठवलं," त्या हसत सांगत होत्या. "म्हणाली, कालची पोरगी मला सूप शिकवते!"

मिसो सोडा, असं त्या कुणाला म्हणाल्या नाहीत. तसं म्हटलं असतं तर ऐकलं कुणी असतं? त्यांनी सांगितलं, वाडग्यात भाज्या इतक्या घाला की पाण्याला जागाच उरू नये. पाणी कमी म्हणजे मिसो कमी. दिवसातून एकच वाडगा. सोया सॉस वरून ओतू नका, बशीत घेऊन टेकवून खा. लोणच्याची बशी चहाबरोबर ठेवू नका. १९९० मध्ये नागानोचे पुरुष आयुर्मानात देशात पहिले आले, २०१० मध्ये बायकाही.

मला आठवले ते माझे सासरे. २००९ साली त्यांना लकवा झाला. त्याआधी चार वर्षं प्रत्येक वेळी डॉक्टर सांगायचे, "मीठ कमी करा." मी मान हलवायचे आणि घरी येऊन आमटीत चिमूटभर कमी घालायचे. पापड, लोणचं, ताटातलं वरचं मीठ, कणकेतलं मीठ, शेंगदाण्याची चटणी, हे सगळं तसंच. कमी करा म्हणजे नेमकं काय करा, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आजही मनाला लागतं ते हे विचारलं नाही म्हणून.

मिसो आणायला मुंबई-पुण्याला धावू नका. जवळचं खा म्हणणारा आहार विमानानं मागवायचा, हे मला तरी गमतीशीर वाटतं. कुणी भेट म्हणून दिलंच तर चौघांसाठी कृती अशी. बोटभर लांबीचा कोंबू आणि तीन-चार सुके शिताके चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा. उकळी यायच्या आत कोंबू काढून टाका. मुळा, गाजर, लाल भोपळा, कोबी भरपूर घालून शिजवा. गॅस बंद करून मगच दोन लहान चमचे मिसो थोड्या पाण्यात कालवून मिसळा, उकळू नका. कोंबूमध्ये आयोडीन फार असतं, थायरॉइडचा त्रास असेल त्यांनी तो टाळावा. नाहीतर आपलं कुळथाचं कढण किंवा पातळ आमटी घ्या आणि तिच्यात दोन मुठी भाजी घाला. काम तेच होतं.

परत आल्यावर मी एकच केलं. मिठाची पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी. म्हणजे चौघांच्या घरात किलोची पुडी निदान पन्नास दिवस पुरायला हवी, आणि पापड-फरसाणातलं मीठ त्यातच धरायचं. आमची पुडी चोवीस दिवसांत संपली होती! बचत गटाच्या बैठकीत सांगितलं तर एक जण म्हणाली, "आमच्याकडं पुडी कुणी मोजतंय?" पुढच्या महिन्यात तीच तारखा लिहून घेऊन आली आणि कोपऱ्यात गप्प बसली.

आमच्याकडं आधी कणकेतलं मीठ गेलं. आठवडाभर यांनी "पोळी अळणी" म्हणून तोंड वाकडं केलं, मग विसरले. भातातलं गेलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. पापड रोजचा होता, तो रविवारी आला. लोणच्याला मात्र मी हात लावला नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढे गेल्यात, त्यांचं तेवढं राहू दे म्हटलं. टोकियोच्या आजींनी एका फोडीला काय नाव ठेवलं, तेवढं एकदा सांगून ठेवलं.

हल्ली त्या जेवताना बरणीतली फोड काढतात, सुरीनं तिचे चार तुकडे करतात आणि एकच ताटात घेतात. परवा पुडी फोडायला मी कात्री शोधत होते, तर आतल्या खोलीतून आवाज आला, "अगं, तारीख घातलीस का? मागची त्रेचाळीस दिवस गेली."