गोळी सुटते कुठे?

मधुमेह म्हणजे शहरातल्या सुखवस्तू घरांचा आजार, असे म्हणायचे दिवस कधीच सरले. ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे महाराष्ट्राविषयीचे आकडे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हाच राज्याच्या ग्रामीण भागात ६.५ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. याच पाहणीचा २०२३ मधला आकडा देशाच्या ग्रामीण भागासाठी ८.९ टक्के असा आहे. रक्तातल्या चरबीचे गणित या ना त्या प्रकारे बिघडलेले लोक तर देशभरात शंभरात एक्क्याऐंशी. कापूस, मका, सोयाबीन आणि पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातली मिरची यांवर ज्याचा वर्षाचा हिशेब बसतो, तो जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका या आकड्यांच्या बाहेर राहील असे मानायला काहीच आधार नाही. या आजारांवर औषधच नाही, अशी तक्रारही करता येत नाही. औषधे आहेत, चांगली आहेत आणि मुख्य औषधे स्वस्त आहेत. माझे म्हणणे एवढेच की, गोळी सुरू करण्यावर आपण सगळी शक्ती खर्च करतो आणि ती चालू ठेवण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून मोकळे होतो. उपचार फसतो तो इथेच.

औषधे चांगली आहेत, हे विधान आधी तपासून घेऊ. मधुमेहात पहिली दिली जाणारी मेटफॉर्मिन ही युरोपातल्या गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून पुढे आली. फ्रान्समधले डॉक्टर झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये तिचा मधुमेहातला उपयोग मांडला. यकृत रक्तात जी जादा साखर सोडत राहते, तिला ती आवर घालते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि साखर नीट आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या अवयवांचे नुकसान सुमारे २५ टक्क्यांनी कमी होते हे दिसले. त्याहून मोलाची गोष्ट दहा वर्षांनी कळली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच झाली होती, तरी सुरुवातीला नीट उपचार मिळालेल्यांचा फायदा टिकून होता. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनची कथाही अशीच. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून पहिले स्टॅटिन वेगळे केले. १९९४ मध्ये ‘फोर-एस’ या स्कँडिनेव्हियन चाचणीने हृदयविकाराच्या ४,४४४ रुग्णांवर दाखवून दिले की, सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर हिशेब निघाला तो असा: ‘एलडीएल’ म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मिळून सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. मात्र ‘फोर-एस’मधल्या रुग्णांनी ती गोळी पाच वर्षांहून अधिक काळ घेतली होती. स्टॅटिन थांबवले की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा मूळ जागी येते. दोन महिने घेऊन सोडलेल्या गोळीचा या आकड्यांशी काही संबंध नाही.

आता आपल्याकडची स्थिती. ‘इंडियाब’च्याच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधानुसार, आपल्याला मधुमेह आहे हे ज्यांना आधीच माहीत होते, त्यांच्यापैकी जेमतेम ३६ टक्क्यांची साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि एलडीएल तिन्ही आटोक्यात असणारे होते ७.७ टक्के. म्हणजे निदान झालेले, दवाखान्याची पायरी चढलेले शंभर रुग्ण घेतले, तर त्यातल्या ब्याण्णवांचे काहीतरी सुटलेलेच. यावर डॉक्टरांचे ठरलेले उत्तर ‘पेशंट ऐकत नाही’ आणि पेशंटचे ठरलेले उत्तर ‘गोळ्या लागू पडत नाहीत’. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत.

भोकरदनच्या बाजूने पाहिले, तर गोळी सुटण्याची कारणे चांगली ठळक दिसतात. पहिले म्हणजे अविश्वास. शेतात राबणाऱ्या सडपातळ माणसाला शुगर निघाली की घरचे म्हणतात, मशीन चुकले असेल. त्याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कधीच दिले आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांचीच तुलना छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखा, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असतोच असे नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने सांगता येणार नाही, पण हे सांगायला गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कुणाला वेळ असतो? दुसरे कारण कामाचे. वेचणी सुरू असताना गोळ्यांसाठी तालुक्याला यायचे म्हणजे मजुरीचा दिवस आणि गाडीभाडे दोन्ही गेले. फुकट गोळी अशी महाग पडते. जालना-बीडकडची ऊसतोडीची कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा केसपेपर इकडे आणि फड तिकडे. तिसरे कारण उपवासाचे, आणि त्याबद्दल फारच कमी बोलले जाते. याच तालुक्यातल्या राजूरच्या गणपतीला अंगारकीला लोटणाऱ्या गर्दीत उपाशीपोटी पायी चालत येणारे असतात. त्यातल्या कुणी सकाळी नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइड घेतली असेल, तर ही गोळी पोटात अन्न आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. साखर ७० च्या खाली घसरते, दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्ध हरपू शकते. एकदा असा प्रकार झाला की माणूस गोळीलाच घाबरतो आणि सगळ्याच गोळ्या एकदम बंद करतो. नुसत्या मेटफॉर्मिनने हे सहसा होत नाही. उलट साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास काढणाऱ्याची साखर चढते. रोजे ठेवणाऱ्यांनाही गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा आधीच बदलून घ्याव्या लागतात. चिठ्ठीवर ‘जेवणापूर्वी’ असे लिहिणाऱ्याने समोरच्याचे जेवण कोणकोणत्या दिवशी नसते हे विचारले, तर पाच मिनिटांत हा घोळ मिटतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप ठरलेला: गोळ्यांपेक्षा आहार-व्यायाम बरा. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणाच्या पद्धतीमुळे हा विचार घरोघरी पोहोचला आहे, आणि त्यात तथ्य आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या भारतीय अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत जीवनशैली बदलल्याने धोका २८.५ टक्क्यांनी आणि मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी घटला होता. ब्रिटनच्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कडक आहाराने एका वर्षात ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह गोळ्यांशिवाय मागे हटला, पण दुसऱ्या वर्षी ते प्रमाण ३६ वर आले. तेव्हा आहारही ‘चालू राहण्या’च्याच परीक्षेला बसतो. शिवाय त्या चाचणीत आहारतज्ज्ञ आणि परिचारिका रुग्णांच्या सतत संपर्कात होत्या. तशी साथ न देता ‘भात सोडा, चाला’ एवढे सांगून कुणाच्या गोळ्या काढून घेणे बेजबाबदारपणाचे आहे.

दुसरा आक्षेप: गोळ्यांनी किडनी जाते. हे उलटे आहे. किडनी जाते ती बहुधा वर्षानुवर्षे चढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनी आधीच मंदावली असेल तर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी किंवा ती थांबवावी लागते, म्हणूनच वर्षातून एकदा तपासणी हवी. दुष्परिणाम अजिबात नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतली की ब-१२ जीवनसत्त्व घटते, आणि शाकाहारी माळकरी घरांत ते मुळातच कमी असण्याचा संभव असतो. मग पायांना येणाऱ्या मुंग्या शुगरच्या नावावर खपवल्या जातात. स्टॅटिनने अंग दुखते, ही तक्रार खरीच. पण २०२० मधल्या ‘सॅमसन’ या छोट्या चाचणीत त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असे दिले गेले, तेव्हा स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास होत होता त्यातला ९० टक्के खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणे खरे होते, त्याचे कारण बव्हंशी भीतीत होते. औषध कंपन्या उगाच गोळ्या खपवतात, हा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. केंद्र सरकारला २०१८ मध्ये तीनशेहून जास्त मिश्र औषधांवर बंदी घालावी लागली आणि त्यात मधुमेहावरचीही होती. पण मेटफॉर्मिन आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत, त्यांची पेटंटे कधीच संपली आहेत आणि जनऔषधी दुकानात ती नाममात्र दरात मिळतात. महागड्या नव्या गोळीवरचा राग या जुन्या गोळ्यांवर काढण्यात अर्थ नाही.

मग करायचे काय, हेही नवे नाही. ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ २०१७ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांतून झाली. त्यात कोणतेही नवे औषध नव्हते. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, साठा संपू न देणे, रुग्णाची नोंद ठेवणे, आणि जो आला नाही त्याला फोन करणे किंवा आशाताईंमार्फत गाठणे, एवढेच. २०२२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. यात अवघड भाग साठ्याचा. सरकारी औषधखरेदी आधी हाफकिनकडे, मग २०२३ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे, असे हात बदलत राहिली आणि या बदलांची झळ शेवटी उपकेंद्राच्या कपाटाला लागते. एक विसंगती महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. अँजिओप्लास्टी आणि डायलिसिस तिच्यात बसतात. ते दोन्ही टाळणारी रोजची गोळी बसत नाही. ती सरकारी दवाखान्यातच मोफत मिळते, म्हणून तिथला साठा संपणे हे किरकोळ गैरसोयीत मोजता येत नाही.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, उपचार आणि औषधे मोफत आहेत. भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या उपकेंद्रात ज्यांची गोळी चालू आहे, त्यांनी कामाला बाहेर जाण्यापूर्वी तीन महिन्यांचा साठा मागावा, केसपेपर सोबत न्यावा आणि पुढच्या अंगारकीच्या आधी आपल्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का, हे विचारून घ्यावे.