जुन्या स्कूटरचे इंजिन आणि फटीचा हिशेब

उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे शिकवताना आपण वर्षानुवर्षे एकच उदाहरण देत आलो आहोत: रेल्वेच्या दोन रुळांमधली फट. आता बहुतेक मार्गांवर रूळ एकमेकांना सांधून सलग केलेले असतात, त्यामुळे ती फट विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाही. पण त्याच नियमावर अवलंबून असलेली, आणि तिच्याहून कितीतरी काटेकोर, अशी एक फट गावातल्या गॅरेजमध्ये आजही मोजता येते. ती म्हणजे स्कूटरच्या इंजिनातील पिस्टन आणि ब्लॉक यांच्यामधली फट.

पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्या भागीदारीत १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात 'प्रिया' स्कूटर तयार होई. ते उत्पादन केव्हाच थांबले, पण जुन्या प्रियाचे इंजिन खोलून पुन्हा उभे करणारे हौशी लोक आणि कारागीर अजूनही आहेत. त्यांच्या कामात शाळेतले भौतिकशास्त्र कसे येते ते आपण पाहू.

गार असताना बरोबर, तापल्यावर चूक

हे इंजिन टू-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारे आहे. ब्लॉकचा आतला व्यास ५७ मिमी आणि पिस्टनची धावही ५७ मिमी. यावरून इंजिनाचे घनमान सुमारे १४५ घन सेंमी येते. विद्यार्थ्यांनी ते स्वतः काढून पाहावे.

ब्लॉक बिडाचा असतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० पासून जे लोखंडी नांगर बनू लागले, त्यांच्यामुळे हा धातू आपल्या भागात घरोघरी ओळखीचा झाला. बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे वंगणाला मदत करतात, म्हणून घासल्या जाणाऱ्या भागांना बीड मानवते. पिस्टन मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, कारण तो हलका हवा आणि त्याने उष्णता चटकन वाहून न्यायला हवी.

अडचण इथेच सुरू होते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की १ मिमी लांबीचे बीड सुमारे ०.००००११ मिमी वाढते, तर पिस्टनचा मिश्रधातू सुमारे ०.००००२० मिमी. शिवाय पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त तापतो. समजा, इंजिन ३० अंशांवर होते आणि चालू झाल्यावर पिस्टन २०० अंशांवर व ब्लॉक १५० अंशांवर पोहोचला. तर

पिस्टनच्या व्यासातील वाढ = ५७ × १७० × ०.००००२० = सुमारे ०.१९ मिमी

ब्लॉकच्या आतल्या व्यासातील वाढ = ५७ × १२० × ०.००००११ = सुमारे ०.०७५ मिमी

म्हणजे तापल्यावर फट जवळजवळ ०.१२ मिमीने कमी होते. कारागीर इंचाच्या हजाराव्या भागाला 'थाऊ' म्हणतात. त्या भाषेत हे जवळजवळ पाच थाऊ झाले. गार असताना ज्याची फट याहून कमी आहे, तो पिस्टन हाताने कितीही झोकात सरकत असला तरी तापल्यावर अडकणार. फट फार जास्त ठेवली तर पिस्टन डुलतो, खडखड आवाज येतो आणि दाब निसटून इंजिनाची ताकद घटते. म्हणून इंजिन जुळवताना विचार करायचा तो तापलेल्या भागांचा. गार भागांवर आपण फक्त मोजमाप घेतो.

आधी पिस्टन, मग बोअरिंग

अनेक वर्षे चाललेला ब्लॉक आतून गोल राहत नाही. तो वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि किंचित लंबगोल होतो. म्हणून व्यास वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मोजतात. फरक जास्त आला तर ब्लॉक बोअरिंग करून थोडा मोठा करतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. चांगला कारागीर आधी पिस्टन हातात घेतो, तो मायक्रोमीटरने मोजतो आणि मगच त्याला जुळेल असे बोअरिंग करतो. खोक्यावर छापलेले माप आणि प्रत्यक्ष माप यांत एखाद्या थाऊचा फरक असला, तरी पाच थाऊंच्या हिशेबात तो मोठाच ठरतो.

पिस्टन कुठे मोजायचा यालाही महत्त्व आहे. पिस्टनचा माथा सर्वांत जास्त तापतो, म्हणून तो खालच्या भागापेक्षा मुद्दाम लहान ठेवलेला असतो. गजन पिनच्या बाजूला धातू जास्त असल्याने त्या दिशेने प्रसरणही जास्त होते, म्हणून पिस्टन किंचित लंबगोल घडवतात. तेव्हा माप खालच्या भागावर आणि पिनच्या काटकोनात घ्यायचे.

रिंगच्या दोन टोकांमध्येही फट लागते. ती नसेल तर तापल्यावर टोके एकमेकांवर टेकतात आणि रिंग ब्लॉकमध्ये आवळली जाते. टू-स्ट्रोक इंजिनात रिंगच्या खाचेत एक छोटी खुंटीही असते. ती रिंगला फिरू देत नाही. नाहीतर टोक ब्लॉकच्या खिडकीत अडकून मोडेल.

तंग जोड

काही भाग मात्र घट्टच बसायला हवेत. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे आणि बेअरिंग पोलादाचे. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवले तर भोक खरवडते आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर घाव बसतो. त्याऐवजी क्रँककेस सारखे तापवतात. ६० मिमी व्यासाचे भोक ८० अंशांनी तापले तर सुमारे ०.१ मिमी रुंदावते आणि बेअरिंग अलगद आत उतरते. गार झाल्यावर केस ते घट्ट धरून ठेवते.

ही युक्ती आपल्या गावांना नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करत, चाकावर बसवत आणि वरून पाणी ओतत. १२०० मिमी व्यासाची धाव ४०० अंशांनी तापली की सुमारे ६ मिमी रुंदावते. गार होताना ती सगळे आरे आवळून धरते. लोहाराची धाव आणि प्रियाचे बेअरिंग यांचे गणित एकच आहे.

हवेचा वाटा

सगळा हिशेब ब्लॉकच्या तापमानावर उभा आहे, आणि ते तापमान हवेच्या हाती आहे. स्कूटरचे इंजिन पत्र्याआड असते, म्हणून फ्लायव्हीलवरचा पंखा हवा ओढून ब्लॉकच्या फिनांवरून वाहवतो. फिनांमध्ये चिखल आणि तेल साचले किंवा हवेला वळवणारे पत्र्याचे आच्छादन बसवायचे राहिले, तर ब्लॉक आणि पिस्टन हिशेबापेक्षा जास्त तापतात. सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर हे कदाचित जाणवणार नाही. साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या चढावर इंजिनावर सतत भार असतो, तिथे दोष उघड होतो.

उताराचा धोका वेगळा आहे. या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळते. गाडी गिअरमध्ये ठेवून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून लांब उतार उतरल्यास इंजिन जोरात फिरते, पण त्याला तेल फार थोडे मिळते. पिस्टन अडकला की मागचे चाकही अडकते आणि गाडी घसरते. अशा वेळी ताबडतोब क्लच दाबून चाक मोकळे करावे. म्हणजे काही थाऊंची फट हा चालवणाऱ्याच्या जिवाचाही प्रश्न आहे.

वर्गासाठी

१. गॅरेजमधून टाकाऊ ब्लॉक, पिस्टन आणि रिंग मागून आणा. रिंग ब्लॉकमध्ये वर, मध्ये आणि खाली आडवी सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. तिन्ही मापे वेगळी का आली, याची चर्चा करा.

२. गजन पिन गार पिस्टनमध्ये घट्ट बसते. शिक्षकांनी पिस्टन उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून पकडीने बाहेर काढावा आणि पिन सरकवून पाहावी. १५ मिमीचे भोक ७० अंशांनी तापल्यावर किती रुंदावते ते विद्यार्थ्यांनी आधी काढावे.

३. ब्लॉकही पिस्टनच्याच मिश्रधातूचा असता आणि तापमाने वर दिलेलीच असती, तर फट किती कमी झाली असती?